गेटवरचा थंड चहा

पातेल्यात बर्फाचे तुकडे खळखळले आणि घरातली शांतता मोडली. दसऱ्याचा दिवस, त्यात संप. कंपनीच्या गेटवर उन्हात बसलेल्यांसाठी मी आलं-वेलदोडा घातलेला दुधाचा चहा निववून ठेवला होता. थर्मासभर बर्फ यांनी आणला.

“कुठला हो?”

“पिंपरीतला. बर्फवाल्याचा.”

बर्फवाला लादी भुशात ठेवतो. कितीही धुतली तरी कण राहतातच. हे तुकडे चौकोनी होते, काचेसारखे स्वच्छ. असा बर्फ साहेबांच्या कॅन्टीनमध्ये असतो, हे यांनीच मला कौतुकानं सांगितलं होतं.

“कामावर जाताय तुम्ही?”

“सोमवारपासून. मागच्या दारानं आत घेतात.” यांनी मान वर केली नाही. “पोरीच्या तोंडाकडं बघून गेलो, कस्तुरा. भिमाजीला कळू देऊ नकोस.”

हे संपकऱ्यांसाठी गावोगाव धान्य गोळा करत फिरतात, असंच गेटवर सगळे समजतात. शेजारचे भिमाजीभावजी तर हे फिरून येतील म्हणून रोज यांच्यासाठी आपल्याजवळ जागा धरून ठेवतात.

चिमी पेले घेऊन दारात येऊन उभी राहिली.

“आई, भिमाजीकाकांना पहिला पेला बाबाच देणार ना?”