हजार वॅट

"याना पेक्षा मोठा नही का?"

सुकलाल नानांनी पॉवर सप्लाय काउंटरवर ठेवला. पपई गुंडाळतात तसा त्यांनी तो वर्तमानपत्रात नीट गुंडाळून आणला होता. काउंटरच्या पलीकडे हेमकांत होता. शहाद्यातलं हे कॉम्प्युटरचं दुकान त्याचं.

"परत बंद पडना, नाना?"

"पडना. फिल्म निम्मी व्हयनी आणि फट करी बंद."

हा सप्लाय साडेसातशे वॅटचा होता. त्याआधीचा साडेपाचशेचाही असाच परत आला होता. हेमकांतने साडेसातशेचा दुकानातल्या मशीनला जोडला, एक जड गेम चालू करून दिला आणि नानांना बसायला स्टूल दिलं. दोघांचा चहा झाला, तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. मशीन चालूच.

"आठे तर चांगला चाली ऱ्हायना."

"आठे चालस. तठे नही चालत. काम भारी शे तिनं."

'तिनं', म्हणजे तिचं, शोभाबाईंचं. नानांची बायको. दिवाळीनंतर त्या गेल्या. प्रकाशा गावात दोघांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता. नाना कॅमेरा धरायचे आणि शोभाबाई घरी बसून कापाकापी करायच्या. लोकांना सप्तपदी हवी असे, आहेर हवे असत. बाकीचं त्या काढून टाकत, पण फेकत नसत. वाढताना वरणात घसरलेला मामा, मांडवात झोपलेली पोरं, वरातीतून पळालेली सारंगखेड्याची घोडी. शेवटच्या वर्षात त्यांनी या सगळ्या तुकड्यांची एक लांब फिल्म जोडली. जोडून झाली, फक्त मशीनमधून एकसंध बाहेर काढायची राहिली. त्यासाठी नवं ग्राफिक कार्डही बसवून घेतलं. पण फिल्म काढायला लावली की कॉम्प्युटर बंद पडायचा. त्यावर इलाज करायच्या आत त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, ते कायमचंच.

जुना सप्लाय त्या कार्डाला पुरतच नव्हता, ते हेमकांतने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण हा साडेसातशेचा पुरायला हवा होता.

"हजारचा शे," तो म्हणाला. "पण नाना, तेवढ्यात विहिरीवरली मोटार चालस."

"चालू दे. उपाशी माणूस काम करस का?"

हेमकांत हसला. फिल्म निघावी असं त्यालाही वाटत होतं. जाण्याआधी शोभाबाईंनी त्याला फोन केला होता. "तुन्ही माय सापडनी रे. तुन्हा लगीनमा चुलीपाशी हसी ऱ्हायनी." हेमकांतची आई त्याच्या लग्नानंतर दोनच महिन्यांत गेली होती. तिचा हसतानाचा एकही फोटो घरात नव्हता.

तेवढ्यात रूपालीचा फोन आला. नानांची मुलगी, सुरतला दिलेली.

"हेमकांतभाऊ, जो सर्वास्मा मोठा व्हई तो दे. नाना म्हणतस, तुन्ही मायनं काम पुरं व्हऊ दे, मंग येस. मी खोली तयार करी ठेयेल शे. एकटा माणूस, जेवस का नही, देव जाणे."

"मी स्वतः बसाडी देस, ताई. पुरं व्हवावर तठूनच फोन करस."

नानांना मोटरसायकलवर मागे बसवून हेमकांत प्रकाशाला गेला. पूल ओलांडल्यावर तापीकडून गार वारा आला, तशी नानांनी टोपी घट्ट धरली.

घरी आल्यावर नाना कॉम्प्युटरशेजारच्या खुर्चीत बसले आणि बसल्या जागेवरून काठीच्या टोकाने पंख्याचं बटण दाबलं. कॉम्प्युटरची वायरही त्याच बोर्डात खोचलेली होती. मॉनिटरवर शोभाबाईंचा चष्मा ठेवलेला होता. टेबलाखाली हेमकांतने मागच्या वेळी दिलेला यूपीएस पडून होता, वायर गुंडाळलेली.

"नाना, हाऊ काबर काढा? लाइट गयी तर?"

"लई ओरडस तो. ली जाय."

हेमकांतने नवा सप्लाय बसवला, जाड वायरी कार्डात खोचल्या आणि फिल्म काढायला लावली. कार्डाचे पंखे घोंघावले. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. वरच्या कोपऱ्यात छोटी मुकी चित्रं पळत होती. कुणाची तरी वरात, कुणाची तरी पंगत.

"देखा नाना, निम्मं पार व्हयनं."

नाना पट्टीकडे बघत होते. "ती अशीच बठे. पट्टी सरकाले लागनी का म्हने, आते चाय ठेवा." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "ठेव ना रे जरा. मन्हा गुडघा उठू देत नही."

पट्टी शेवटाजवळ आली होती. हेमकांतचं मन तिथेच होतं, तरी तो उठला. आत जाऊन दूध तापत ठेवलं, डब्यातून साखर काढली. बाहेरून घोंघावणं ऐकू येत होतं. चहाला उकळी आली आणि घोंघावणं थांबलं.

त्याने वर पाहिलं. स्वयंपाकघरातला दिवा तसाच चालू होता.

तो दोन्ही कप घेऊन बाहेर आला. पडदा काळा होता. डोक्यावर पंखा फिरत होता. नाना चष्म्याकडे बघत होते.

"पडना ना परत," ते म्हणाले. काठीचं टोक अजून बटणांच्या बोर्डालाच टेकलेलं होतं.

हेमकांतने एक कप त्यांच्या हातात दिला. खिशातला फोन वाजला. रूपाली होती.

"व्हयनं का पुरं?"

"नही ताई," हेमकांत म्हणाला. "हजारनाबी कमी पडना. बाराशेना मंगाडना पडी."

"मंग तो कवय ई?"

"सांगता नही येत. लई दूरथीन येस तो."