चतुर्थीपर्यंत थांब

“दुखतंय तिला. खूप दुखतंय,” वासुदेवराव म्हणाले.

निवेदितानं विचारलं होतं मनोरमाबाईंना. मांडीचं हाड मोडलं होतं त्यांचं, रॉड घातला होता तो त्यांच्या मांडीत, आणि देवदयेनं तोंडही त्यांना होतं. पण ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या वाटची सगळी उत्तरं नवराच देत होता. भूक नाही तिला. झोप नाही लागली तिला. सिस्टरनं नाव विचारलं, तर तेही यांनीच सांगितलं.

“काका, डॉक्टरांनी पायावर वजन द्यायला सांगितलंय,” निवेदिता म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट, नोकरीसाठी साताऱ्याहून इंदूरला आलेली. वॉकर घेऊन पलंगापाशी ताटकळत होती. “अशाच पडून राहिल्या तर गुडघा आखडेल. काल नको म्हणालात, परवाही नको म्हणालात.”

“अभी कमजोरी आहे ना तिला, बेटा. बुधवारी करू. पक्का.”

“बुधवारीच का?”

वासुदेवराव घुटमळले. “चतुर्थी आहे. खजरान्याच्या गणपतीला मन्नत मागून आलोय. मंदिराच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढलंय. मागताना उलटं काढायचं, काम झालं की जाऊन सरळ करायचं, असं असतं आपल्या इथे. गणपतीला बोललोय मी, ही पहिलं पाऊल चतुर्थीलाच टाकेल.”

मनोरमाबाईंना हे आत्ता कळत होतं. म्हणजे कमजोरी वगैरे काही नव्हतंच. त्या छताकडे बघत पडल्या होत्या, बेडपॅनसाठी आयाची वाट बघत होत्या, आपल्या पायांनी घरी जाऊ की नाही या काळजीनं सुकत होत्या, आणि यांनी परस्पर मुहूर्त काढून ठेवला होता! रागानं त्यांची कानशिलं तापली.

“मला विचारलंत?”

“अगं, तुझ्यासाठीच तर...”

“पाय माझा आहे! गणपतीला सांगून आलात, मला सांगायचं नाही सुचलं?”

शेजारच्या पलंगावरची बाई मान उचलून बघायला लागली. बघेना का.

भीती मनोरमाबाईंनाही होती. जरा डोळा लागला की त्या दिवशीसारखं पायाखालचं स्टूल सरकायचं आणि त्या दचकून जाग्या व्हायच्या. पण ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती. त्यांनी तोंड उघडायच्या आत वासुदेवराव सांगून मोकळे व्हायचे, घाबरलीय ती.

“निवेदिता, आण गं तो वॉकर.”

“मनू, नको!” वासुदेवरावांनी त्यांचे दोन्ही खांदे दाबून धरले. उठूच देईनात.

“सोडा. अहो, सोडा म्हणते ना!”

“नाही सोडणार.”

“का पण?”

“मी ऐकलाय तो आवाज!” वासुदेवराव ओरडलेच. “स्टुलावरून पडलीस तशी तुझी शुद्धच गेली, तुला काय माहीत? मी शेजारी उभा होतो. हाड मोडलेलं ऐकलंय मी, मनू. वाळकं लाकूड मोडतं ना, वैसा. आता कुणी कपबशी ठेवली तरी तोच ऐकू येतो.”

मनोरमाबाईंचा राग गेला नाही, पण तो आता कुणावर काढायचा ते त्यांना कळेना.

त्यांनी खांद्यावरचे हात एकेक करून बाजूला केले. निवेदितानं कमरेला पट्टा बांधला, पाय हळूहळू खाली सोडले. फरशी गार होती. वॉकर घट्ट धरून, ओठ आवळून मनोरमाबाई उठल्या. मांडीतून निघालेली कळ कमरेपर्यंत गेली. त्या उभ्या राहिल्या.

वासुदेवराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. दोन्ही हात कानांवर गच्च दाबलेले.

“अहो,” मनोरमाबाईंनी हाक मारली. ती पोचली नाही. दुसरी हाक पार वॉर्डाच्या दारापर्यंत गेली, तेव्हा कुठे वासुदेवरावांनी हात खाली घेतले. वळले मात्र नाहीत.

“आता पाऊल टाकतेय मी,” मनोरमाबाई म्हणाल्या. “बघवत नसेल तर बघू नका. पण ऐका.”