खंडेनवमीचं कुंकू

कारखान्यात खंडेनवमीची पूजा झाली, झेंडूची माळ घातलेली, पत्रा कापणारी पॉवर प्रेस सुरू झाली आणि दुसऱ्याच ठोक्याला तिनं ती चालवणाऱ्या शिवयोगीमामांची तीन बोटं चिरडली. सुरक्षेची जाळी महिन्याभरापासून काढूनच ठेवलेली होती. वर्षभराच्या ट्रेनिंगला आलेल्या श्रीदेवीनं ओढणी काढून मामांचं मनगट करकचून आवळलं. याच हातानं तिला काम शिकवलं होतं.

मामांना दवाखान्यात नेताच सुपरवायझरनं कुंकवाचं ताट उचलून प्रेसवरच्या रक्तावर पालथं केलं.

"ए पोरी, गेटवर तुझ्या कॉलेजचे सर आलेत. तोंड उघडलंस तर वर्ष गेलं म्हणून समज!"

सर आले. बूट काढून त्यांनी प्रेसला हात जोडले. "वा! लई मनापासून पूजा केलीय की," म्हणत त्या ओल्या लाल राड्यात बोट बुडवून स्वतःच्या कपाळाला टिळा लावला.

श्रीदेवीला राहवलं नाही. "सर, ते नुसतं कुंकू न्हाय. मामांचं रक्त हाय."



सरांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि तिच्या ट्रेनिंगच्या वहीत शेरा लिहिला, 'विद्यार्थिनी फार बोलते.'