साठ टाचण्यांचं गाणं

चारुदत्तने गाणं पाचव्यांदा लावलं आणि पाचव्यांदा त्याच्या अंगावर काटा आला. काय आवाज होता बाईचा! खर्जातला, दाणेदार. वर चढला की माणसाने हातातला कप खाली ठेवावा.

व्हर्नेल टकर, वय एकसष्ट. आयुष्यातलं पहिलंच रेकॉर्ड झालेलं 'सोल' ढंगाचं गाणं आणि आठ दिवसांत चारुदत्तच्या कंपनीच्या म्युझिक साइटवर नंबर वन! २००७च्या त्या फेब्रुवारीत रेडिओवाले नुसते खुळावले होते.

चारुदत्तचं काम मात्र संशय घेण्याचं. आपलंच गाणं स्वतः विकत घेऊन वर चढवणारे लबाड तो शोधून काढायचा. मुलीची स्कूल बस येण्याआधीच तो ऑफिसला पळायचा. आज शाळेला सुट्टी, म्हणून स्वारी अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या घरूनच काम करत होती.

मॅनेजर कुमारचा फोन आला. "यार, पहिल्या दिवशी हे गाणं घेणारे साठच्या साठ लोक तुझ्याच गावचे! त्यांच्यामुळे ते फ्रंट पेजवर आलं. फ्रॉड असेल तर बाराच्या आत डिलीट कर."

"मग त्या बाईचं काय?"

"काय म्हणजे? खेळ खलास. पुन्हा कोण विचारतंय तिला?"

चारुदत्तला कसंसंच झालं. इतकं खरं गाणारी बाई खोटं वागेल? देवा, असं निघू देऊ नकोस.

त्याने साठ पत्त्यांच्या टाचण्या स्क्रीनवरच्या नकाशात लावल्या. त्या विखुरलेल्या नव्हत्याच. घरांमागून घरं, वळणावळणाने जाणारी एकच ओळ. कोणीतरी दारोदार फिरून क्रेडिट कार्डांचे नंबर चोरले होते, दुसरं काय!

शेवटून तिसऱ्या टाचणीशी तो ताडकन उठला. ते त्याचंच घर होतं. कार्डही त्याचंच.

"अरे चोरांनो! माझ्याच घरात?"

आता शंकेला जागाच नव्हती. एवढा देवाने दिलेला गळा, आणि ही अवदसा आठवावी? त्याला रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं. बाराला पाच कमी असताना त्याने 'डिलीट'वर माउस नेला.

मागे दहा वर्षांची अदिती ज्यूस पीत उभी होती.

"बाबा, व्हाय आर यू लुकिंग अ‍ॅट माय बस रूट?"

"बस रूट?"

"हो. मिस व्हर्नेल रोज ड्राइव्ह करताना हेच गाते. फर्स्ट डेला सगळे घेणार, असं आम्ही तिला प्रॉमिस केलं होतं. सॉरी बाबा, आईला विचारून तुझं कार्ड घेतलं."