सूर्याचं बटण

नाको खुर्चीवर उभा राहून घर गरम करणाऱ्या हीट पंपाच्या तोंडाशी तळवा धरून होता. वारा येत होता, पण गारच. खाली चौघे वर बघत बसले होते आणि पाचवा, त्याचा इओलुमामा, रजई गुंडाळून भिंतीशी खोकत होता.

जाळी धुऊन झाली होती. रिमोटचे सेल बदलून झाले होते. बाहेरच्या पेटीत अडकलेला पालापाचोळाही काढून झाला होता.

"आपल्या बेटावर डोंगर आग ओकतो, तीही फुकट," कासो म्हणाला. "आणि इथे एका डब्यापुढे हात जोडा!"

हसायचं त्राण कुणात नव्हतं. मामाचा खोकला छातीत उतरला होता. म्हणून तर नाकोने मन घट्ट करून मुकादमाला, ब्रेंटला, फोन केला होता. सोपं नव्हतं ते. तान्ना बेटाहून इथे परदेशात चेरीच्या बागांच्या छाटणीला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, कुरकुर करणाऱ्याला पुढच्या हिवाळ्यात बोलावणं येत नाही. आजारी माणसाला तर नाहीच नाही. त्यामुळे खोकल्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही, फक्त यंत्र बिघडलंय एवढंच सांगितलं.

ब्रेंट आला. दाराशी चिखलाचे बूट काढून मोज्यांवरच आत शिरला. माणूस वाईट नव्हता. त्याने रिमोट हातात घेतला, पाहिला, आणि असा हसत सुटला की डोळे पुसावे लागले.

"अरे नाको, हे काय लावून बसलायस? बर्फाचं चित्र म्हणजे घर थंड करायचं! सूर्य दाबायचा, बाबा, सूर्य!"

ते चित्र आल्या दिवशी नाकोनेच लावलं होतं. बाहेर बर्फ पडत होता, तर बर्फाच्या दिवसांसाठी बर्फाचं बटण. यात वेड्यासारखं काय होतं? त्याचे कान तापले. बाकीचे मात्र हसले, कासो सगळ्यांत मोठ्याने. मालकाचा माणूस हसला की आपणही हसायचं, तेही कामातच धरलेलं असतं.

ब्रेंटने सूर्य दाबला आणि नाकोच्या पाठीवर थाप मारली. "ऑफिसात सांगतो. आठवडाभर हसतील लेकाचे. बरं, अजून काही?"

वर आलेली खोकल्याची उबळ मामाने रजईत दाबली.

"नाही बॉस," नाको म्हणाला. "काही नाही."

गाडी गेली. भात शिजला, माशांचे डबे उघडले, जेवणं झाली. वारा गार होता तो कोमट झाला आणि कोमटच राहिला. काचांवरून पाणी ओघळत होतं. नाको बाहेर जाऊन पाहून आला. पेटी बर्फाने मढली होती आणि आत पंखा कण्हत होता. यंत्र खरोखरच बिघडलेलं होतं.

"बोलाव की त्याला परत," कासो म्हणाला.

"आणि काय सांगू? सूर्यही चुकीचा दाबला म्हणून?"

तोंड उघडायची संधी एकदाच होती, ती हसण्यावारी गेली. नाकोला स्वतःचा इतका राग आला की डोळे भरून आले. मामाने ते पाहिलं.

"राहू दे रे पोरा. मला बरं वाटतंय आता. खरंच, ऊब येतेय." हे बोलताना त्याचे ओठ काळेनिळे पडले होते.

तेवढ्यात फोन किणकिणला. ब्रेंटचा निरोप होता. काय मंडळी, आता मजा ना? एक फोटो पाठवा, ऑफिसात लावतो.

नाकोने तो मोठ्याने वाचला. कुणी काही ठरवलं नाही. कासोने आधी लोकरीची टोपी काढली, मग जाकीट. बाकीच्यांनीही काढली. मामाच्या अंगावरची रजई नाकोने स्वतःच्या हाताने बाजूला केली. त्याला मधे बसवलं, आणि पाचही जण नुसत्या शर्टांवर त्याला खेटून हसत उभे राहिले. नाकोने हात लांब करून फोन धरला.

पहिल्या फोटोत मामा खोकताना आला. नाकोने तो पुसून टाकला.

"परत काढू," तो म्हणाला. "मामा, जरा श्वास रोखून धर."