बिनरसाचे शिरवाळे

"ह्या शिरवाळ्यांचो रस खंय आसा गो?"

श्यामसुंदररावांनी काट्याला गुंडाळलेली स्पॅगेटी डोळ्यांसमोर धरून सुनेला विचारलं. हेच त्यांनी मागच्या वेळीही विचारलं होतं. कोकणात शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया, नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. रुचिराच्या स्पॅगेटीवर टोमॅटोचा लालभडक सॉस होता आणि वर खिडकीतल्या कुंडीतली बेझिलची पानं.

"बाबा, हे शिरवाळे नाहीत."

"तशेच दिसतत. जरा कच्चे रवले. आणि ही तुळस जेवणात कित्याक?"

हर्षदने हसू दाबायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. संध्याकाळची वाट लागली होती, याही शनिवारी.

शनिवारची संध्याकाळ म्हणजे तिचा जीव की प्राण. आठवडाभर ती वांद्र्याच्या ऑफिसात, हर्षद पवईला. मुलुंडच्या घरी दोघं येत ती फक्त झोपायला. म्हणून लग्न झाल्या झाल्या त्यांनी ठरवून टाकलं होतं, शनिवारी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. पडदे ओढायचे, मोठा दिवा मालवून कोपऱ्यातला पिवळा लावायचा आणि रुचिराने काहीतरी इटालियन करायचं. सॉस तासभर रटरटायचा, घरभर लसणाचा वास सुटायचा, हर्षद चीज किसता किसता निम्मं तोंडात टाकायचा. तेवढ्या सुखावर ती पुढचा आठवडा काढायची.

मग कणकवलीला सासूबाई वारल्या आणि हर्षद बाबांना इकडे घेऊन आला. आणायलाच हवं होतं, त्याबद्दल रुचिराची तक्रार नव्हती. तक्रार वेगळीच होती. इतर दिवशी पोळीभाजी करायला नीलमताई येत. त्यांच्या हातचं बाबा निमूट खात, बरं नाही की वाईट नाही, अर्धी भाजी पानात तशीच ठेवून खिडकीशी जाऊन बसत. दिवसभर तोंडातून शब्द नाही. तोंड उघडायचं ते नेमकं शनिवारी! गुरगुट्या भातासारखा रिसोटो केला, तर "घरात आजारी कोण आसा?" लाझान्या केला, तर "थर मोजूचे की खावचे?" आणि एवढं बोलून ताट मात्र चाटूनपुसून स्वच्छ. याचाच तिला जास्त राग यायचा. खायचं तर खायचं, वर नावं कशाला ठेवायची?

त्या रात्री भांडी आवरताना तिचा बांध फुटला.

"हसतोस काय रे? मी तासन् तास ओट्याशी उभी राहते ते हे ऐकायला? पुढच्या शनिवारी त्यांना तुझ्या ताईकडे बोरिवलीला सोड. एक संध्याकाळ तरी मला माझ्या घरात सुखाने जेवू दे!"

हर्षदचं हसू मावळलं. "त्यांना आईच्या हातचं हवंय गं. दुसरं काय असणार?"

"असं? मग आईच्या हातचंच देते. बघू दे, त्यात कुठे खोट काढतात ते."

यात मायाबिया काही नव्हती, निव्वळ खुन्नस होती. तिने कणकवलीच्या प्रेमाआत्याला फोन लावला आणि सासूबाईंच्या काळ्या वाटाण्याच्या उसळीची खडान् खडा चौकशी केली. खोबरं किती काळं भाजायचं, मूठभर शिजलेले वाटाणे वाटून रश्शात कधी घालायचे, आंबोळीचं पीठ किती सैल ठेवायचं. आत्याने सगळं सांगितलं आणि वर जखमेवर मीठही चोळलं. "दादान वयनीच्या जेवणाक जल्मात कधी नावां ठेवल्यान नाय हां!"

म्हणजे नावं ठेवायला मीच सापडले, रुचिरा मनात म्हणाली.

शनिवारी तिने पिवळा दिवा लावलाच नाही. पहिली आंबोळी तव्याला चिकटली, दुसरी फाटली, तिसरीपासून मात्र जाळी धरली. उसळीला तर असा वास सुटला की हर्षद आंघोळ अर्धी टाकून ओल्या डोक्याने स्वयंपाकघरात आला. चमचाभर रस्सा चाखला. "सेम," एवढंच म्हणाला. "अगदी सेम."

बाबा पानावर बसले. आंबोळीचा तुकडा तोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला. रुचिरा कमरेवर हात ठेवून समोर उभी. बोला आता!

बाबा काही बोलले नाहीत. दुसरा घास घेतला, सावकाश चावला. तरीही नाही. जिंकली ती! तिने हर्षदकडे बघून भुवया उडवल्या. हर्षद तिच्याकडे बघत नव्हता.

तिसरा घास बाबांच्या हातातच राहिला होता. रस्सा बोटांवरून मनगटाकडे ओघळत होता आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"बाबा? मीठ कमी आहे का?"

त्यांनी मान हलवली.

"तिखट?"

"नाय."

"मग काय कमी आहे, सांगा ना!" नको म्हणतानाही तिचा आवाज चढला. इतके कष्ट करूनही पान तसंच राहणार असेल, तर माणसाने करायचं तरी काय?

बाबांनी घास पानात परत ठेवला.

"फुडल्या शनवारी तुझे ते शिरवाळेच कर गो," ते म्हणाले. "त्यांच्यात काय कमी आसा, ता सांगाक तरी येता."