पश्चिमेची खिडकी

सूर्य माडांना टेकला, तरी सिनेगॉगमध्ये नऊच जण होते. मिन्हाची सामुदायिक प्रार्थना सूर्य बुडायच्या आत व्हायला हवी आणि तिला दहा पुरुष लागतात. गावात ज्यू पुरुष मोजून दहाच, तेही कोणाला पडसं नसलं तर. दहावा रहमीम.

प्रार्थना जेरुसलेमकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड करून. ऊन थेट डोळ्यांत येतं म्हणून प्रार्थना चालवणाऱ्या एझ्राने खिडकीला पडदा लावला होता. "सूर्य बुडाला हे काय तुझा पडदा सांगणार?" म्हणत रहमीमने अबोला धरला, यायचंही सोडलं.

पुढे एझ्राची बायको गेली. तिच्यासाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी अकरा महिने रोज करायची प्रार्थना, म्हणायलाही दहा जण लागत. तेवढ्यासाठी रहमीम अकरा महिने रोज आला, मुकाट. काल ते महिने संपले. आता एझ्राशी अबोला धरायलाही कोणी उरणार नव्हतं.

तेवढ्यात रहमीम डोळ्यांवर हात धरून आत आला.

"पडदा कुठाय रे?"

"आजच काढला. तुला सूर्य दिसायला हवा ना?"

"मोतीबिंदू काढलाय माझा! लाव परत."

"आज वेळ नाही. उद्या ये, भांडू," म्हणत एझ्राने समाधानाने पुस्तक उघडलं.